डचेस खासगीतच विकायची!

“तीस वर्षं मेंढ्यांचे लिलाव पुकारलेत मी, तीस वर्षं!” क्लाईव्ह पेनफोल्डने टोस्टला लोणी लावता लावता सुरीची मूठ हातोड्यासारखी टेबलावर आपटली. “पावसात भिजून पोतेऱ्यासारख्या दिसणाऱ्या मेंढ्या मी गालिच्याच्या भावात विकल्यात! आणि मला एक मोटारहोम विकता येणार नाही?”

“येईल की,” नोलीन शांतपणे म्हणाली. “फक्त पुढच्या शनिवारी बाराच्या आत विक.”

“बाराच्या आत? अगं, बुधवारपर्यंत दारात रांग लागेल रांग!”

ही मोटारहोम म्हणजे डचेस. साडेसात मीटर लांब, पांढरीशुभ्र, अंगावर जांभळा पट्टा. आत स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, सगळं. चौदा वर्षं दर उन्हाळ्यात पेनफोल्ड नवरा-बायको टिमारूहून तिच्यात बसून निघत, ते अंगाचा रंग विटेसारखा झाला की परत येत. भानगड एकच होती. डचेसमधला पलंग होता ड्रायव्हरच्या डोक्यावर, आणि तिथे जायला शिडी. गेल्या हिवाळ्यात नोलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती शिडी म्हणजे माउंट कुकचं शिखर होऊन बसली! क्लाईव्हने खालून ढकलायचं, नोलीनने वरून ओरडायचं. वर पोचेपर्यंत दोघांनाही अशी धाप लागायची की झोप पार उडून जायची.

मग नेव्हिल हॅगार्टच्या जुन्या गाड्यांच्या आवारात नोलीनला एक छोटी निळी व्हॅन दिसली. पलंग गुडघ्याच्या उंचीला, पायरी एकच. नोलीन आत जाऊन बसली ती पाव तास बाहेरच आली नाही.

नेव्हिल म्हणाला, “डचेस मला द्या, वर आठ हजार डॉलर द्या, निळी घेऊन जा. डचेसचे मी अठ्ठावन्न हजार धरतोय.”

“अठ्ठावन्न?” क्लाईव्ह असा दचकला, जणू कुणी त्याच्या मूत्रपिंडाचा भाव विचारला. “पंच्याहत्तरच्या खाली मी तिचा आरसासुद्धा सोडणार नाही! खासगीत विकीन!”

“विक ना,” नेव्हिल म्हणाला. डुनेडिनचं एक गिऱ्हाईक निळीसाठी टपून बसलेलं होतं, पण जुनी ओळख म्हणून तो शनिवारी दुपारी बारापर्यंत थांबायला तयार झाला.

घरी येताना नोलीन एवढंच म्हणाली, “निळी गेली तर या उन्हाळ्यात मी कुठेही येणार नाही. तू आणि डचेस, दोघंच जा.”

नोलीन ओरडली की क्लाईव्हला काही वाटत नसे. ती अशी हळू बोलली की मात्र तो सावध व्हायचा.

त्याच संध्याकाळी त्याने जाहिरात लिहायला घेतली. तीनशे चाळीस शब्द झाले! वर्तमानपत्रातली बाई फोनवर म्हणाली, “चाळीस बसतील.” क्लाईव्हने काळजावर दगड ठेवून तीनशे शब्द कापले. ‘राजेशाही’ हा शब्द दोनदा ठेवला. किंमत तेवढी कापली गेली.

पहिला फोन जेराल्डीनहून एका शेतकऱ्याचा. “गाडीच्या बदल्यात चार अल्पाका देतो. लोकरीची जनावरं, मेंढीहून उंच.”

“मला अल्पाका नकोत.”

“पाच?”

हा माणूस रोज फोन करून एकेक अल्पाका वाढवू लागला. गुरुवारी आकडा आठावर गेला, तेव्हा वैतागून क्लाईव्हने फोनचा आवाजच बंद करून टाकला.

मग क्राइस्टचर्चहून एक जोडपं आलं. “जरा पडून बघू का?” म्हणून शिडीवरून वर गेलं, आणि वर गेलं ते गेलंच! चाळीस मिनिटांनी खाली उतरले तेव्हा दोघांच्याही गालांवर उशीचे वळ होते. “गादी फार सुरेख आहे हो,” बाई जांभई देत म्हणाल्या. “कुठून घेतलीत?” क्लाईव्हने दुकानाचं नाव सांगितलं. ते थेट तिथे गेले आणि गादी घेऊन क्राइस्टचर्चला परतले!

पण कहर झाला शुक्रवारी. एक तरुण शिक्षिका आली. हसतमुख, हातात बँकेचं पत्र. सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाली, “चौऱ्याहत्तर देते. मागच्या बाजूला चार भोकं पाडली की माझ्या सायकली लागतील ना?”

“भोकं?” क्लाईव्ह म्हणाला.

“हो, चारच.”

“डचेसला? भोकं?”

पाच मिनिटांत ती शिक्षिका फाटकाबाहेर होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोलीन सगळं बघत होती. ती बाहेर आली आणि तिने कमरेवर हात ठेवले.

“चौऱ्याहत्तर हजार, क्लाईव्ह! चौऱ्याहत्तर!”

“ती तिला भोकं पाडणार होती, नोलीन!”

“अरे, तू गाडी विकतोयस की मुलीचं लग्न ठरवतोयस?”

क्लाईव्ह फडक्याने डचेसचा आरसा पुसत राहिला. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच ते कळत नव्हतं. कुणी भाव पाडून मागितला की त्याला राग यायचा, आणि कुणी पुरता भाव दिला की जास्तच राग यायचा.

शनिवार उजाडला. नोलीनने सकाळीच जाकीट चढवलं, पर्स मांडीवर घेतली आणि ती दारातल्या खुर्चीत घड्याळाकडे तोंड करून बसली. क्लाईव्हचा फोन तिच्याच पर्समध्ये मुका पडला होता.

साडेदहाला ओमारूहून क्रॉम्बी मंडळी आली. साठीचा फर्गस, त्याची बायको, आणि त्याची आई, मिसेस क्रॉम्बी. वय अठ्ठ्याऐंशी, केस ताजे सेट केलेले, काठी चांदीच्या मुठीची. कानांनी जरा कमी ऐकायच्या, डोळ्यांनी त्याहून कमी बघायच्या. पैसे त्यांचे होते आणि हौसही त्यांचीच होती.

क्लाईव्हने सुरुवात केली. हा पाण्याचा पंप कैकौराला कसा बंद पडला आणि कसा दुरुस्त केला. हा पडदा नोलीनने कधी शिवला, त्याचं कापड कुठून आणलं. छताची गळती तीनदा कशी काढली, आणि तिसऱ्यांदा ती दुसरीकडून कशी सुरू झाली! पन्नास मिनिटं झाली. फर्गसच्या बायकोने तीनदा ‘किंमत’ हा शब्द उच्चारला. तिन्ही वेळा क्लाईव्ह फ्रिजकडे वळला.

शेवटी फर्गस म्हणाला, “हं. बरी आहे.”

आता ओमारूकडचा माणूस ‘बरी आहे’ म्हणाला की ते त्याच्या तोंडचं सर्वांत मोठं कौतुक असतं. स्वतःच्या लग्नाबद्दलही तो याहून जास्त बोलत नाही. तीस वर्षं अशाच माणसांना मेंढ्या विकलेल्या क्लाईव्हला हे कळायला हवं होतं. पण त्याचं डोकं आधीच तापलेलं.

“बरी?” तो म्हणाला. “नुसती बरी?”

“आम्ही जरा बोलतो,” असं म्हणून फर्गस बायकोला घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर लावलेल्या आपल्या मोटारीकडे गेला. क्लाईव्हने पाठमोऱ्या दोघांना मोटारीत शिरताना पाहिलं आणि समजायचं ते समजला.

“गेले!” तो गरजला. “पन्नास मिनिटं माझं डोकं खाऊन गेले!”

“डोकं कुणी कुणाचं खाल्लं ते राहू दे,” नोलीन म्हणाली. “साडेअकरा वाजलेत.”

“चल! बस! नेव्हिलच्याच घशात घालतो! या देशात राजेशाही वस्तूची कदर असलेला माणूसच उरला नाही!”

दार धाडकन लावून क्लाईव्ह ड्रायव्हरच्या जागेवर चढला. नोलीनला गुडघ्यामुळे एरवी वेळ लागायचा, पण आज ती चढली ती सशासारखी. डचेस फाटकातून बाहेर पडली.

आता मिसेस क्रॉम्बी कुठे होत्या, असं तुम्ही विचाराल. त्या आतच होत्या! मुलगा बोलायला गेला तेवढ्यात आपण संडास कसा आहे तो बघून घ्यावा, म्हणून त्या आत शिरल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. क्लाईव्हने डचेसबद्दल त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या दाराची कडी आतून अडकते, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

पहिल्याच वळणावर मागून भोंगा ऐकू आला. क्लाईव्हने आरशात पाहिलं. फर्गसची मोटार!

“बघ बघ! आला मागे धावत! आता भाव करायला आला!”

“क्लाईव्ह, थांब. त्याला काहीतरी सांगायचंय.”

“सांगायचं होतं तेव्हा ‘बरी आहे’ म्हणाला! आता वाजव म्हणावं भोंगा!”

फर्गस दिवे लावत-विझवत होता. त्याची बायको खिडकीतून अर्धी बाहेर येऊन दोन्ही हात हलवत होती. क्लाईव्हनेही खिडकीतून हात काढून ऐटीत हलवला.

तेवढ्यात मागून धप्‌ धप्‌ असा आवाज आला.

“हे काय वाजतंय?” नोलीनने विचारलं.

“गॅसच्या सिलिंडरचा कप्पा. नेहमीचंच आहे.”

धप्‌ धप्‌ धप्‌!

“क्लाईव्ह, कप्पा ‘अहो’ म्हणाला आत्ता.”

“नोलीन, तुला ती निळी व्हॅन हवी आहे की नको?”

नोलीनने तोंड पुढच्या रस्त्याकडे वळवलं. पुढे सिग्नल पिवळा झाला आणि डचेस त्याखालून निसटली. फर्गस लालवर अडकला. त्याने सात वेळा क्लाईव्हला फोन लावला. पर्स नोलीनच्या मांडीवर सातही वेळा थरथरली, आणि दर वेळी नोलीनला वाटलं, नववा अल्पाका.

बाराला दहा कमी असताना डचेस नेव्हिलच्या आवारात शिरली. नेव्हिल हातात ‘मीट पाय’, म्हणजे खिमा भरलेली भलीमोठी पेस्ट्री, घेऊन उभा होता.

“ठरलं?” त्याने विचारलं.

“ठरलं! कुठे सही करू ते सांग! आणि लवकर सांग, मागून एक ओमारूवाला येतोय, त्याला मी दाखवतोच!”

ऑफिसात तीन सह्या झाल्या. नेव्हिलने संगणकावर बोटं आपटली, नोलीनला निळीच्या किल्ल्या दिल्या, क्लाईव्हशी हात मिळवला. नोलीन त्याच क्षणी बाहेर पडली आणि तडक निळीत जाऊन बसली.

एवढ्यात फर्गसची मोटार खडीवर करकचून थांबली. तो धावतच आला. चेहरा लालबुंद.

“माझी आई!” तो ओरडला.

“आईला सांगा, गाडी गेली!” क्लाईव्हने छाती पुढे काढली. “बरी होती ना? आता दुसरी शोधा!”

“अहो, आई आत आहे!”

“कशाच्या आत?”

“तुमच्या गाडीच्या!”

क्लाईव्हच्या छातीतली हवा फुस्सकन निघून गेली. सगळे डचेसकडे धावले. नेव्हिलने संडासाच्या दाराला खांदा दिला, कडी तुटली आणि दार उघडलं.

मिसेस क्रॉम्बी झाकणावर ताठ बसल्या होत्या. पर्स मांडीवर, काठी हातात. केसांची एक बटही हलली नव्हती.

“आई! तुम्ही ठीक आहात ना?” सुनेने विचारलं.

“आं? चालते कशी म्हणतेस? अगं, लोण्यासारखी!” मिसेस क्रॉम्बी खणखणीत आवाजात म्हणाल्या. “वळणावर जरा धक्का बसला, पण तो चालवणाऱ्याचा दोष. फर्गस, मला ही गाडी पाहिजे. सांगून टाक त्या माणसाला.”

“आई, आम्ही मोटारीत तेच ठरवलं होतं,” फर्गस धापा टाकत म्हणाला. “बोलायला परत आलो तर गाडीच निघून गेलेली!”

क्लाईव्ह लगबगीने पुढे झाला. त्याने नेव्हिलचं कोपर धरून त्याला बाजूला ओढलं.

“नेव्हिल, ते कागद... म्हणजे आपलं अजून तसं पक्कं...”

“क्लाईव्ह,” नेव्हिल हळूच म्हणाला, “सही झाली. हात मिळवला. हातोडा पडल्यावर तू कधी कुणाला मेंढी परत केलीस?”

क्लाईव्हने कधीच केली नव्हती. उलट तशी मागायला आलेल्यांना त्याने चारचौघांत हसून घालवलं होतं.

नेव्हिल आपल्या पेस्ट्रीचा शेवटचा घास गिळून मिसेस क्रॉम्बींपुढे झाला. “नमस्कार! तो माणूस मीच. एकोणऐंशी हजार. कडी फुकटात बसवून देतो.”

“फक्त?” मिसेस क्रॉम्बी सुनेकडे वळल्या. “मी पंच्याऐंशी धरून आले होते!”

क्लाईव्ह डचेसच्या चाकाला टेकून उभा राहिला. शेजारच्या निळीतून नोलीनचं डोकं बाहेर आलं. तिने सगळं ऐकलं होतं. क्लाईव्हने मान खाली घातली आणि तो वाट बघू लागला. पण नोलीन ओरडली नाही. ती हळूसुद्धा बोलली नाही. तिने फक्त शेजारची सीट थोपटली आणि म्हणाली, “चल, बस. जेवायची वेळ झाली.”

तो जड पावलांनी निघाला, तोच काठीच्या मुठीने कुणीतरी त्याची बाही ओढली. मिसेस क्रॉम्बी! त्यांनी पर्स उघडून खूप वेळ चाचपलं, मग त्याच्या तळहातावर दोन डॉलरचं नाणं ठेवलं आणि त्याची बोटं मिटून दिली.

“घे हो, बाळा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी वळणावर जरा हळू घे. आणि मघाशी तो गाडीचा मालक बडबड्या होता ना, त्याला सांगू नकोस हं मी पैसे दिले ते. लगेच मागेल!”

क्लाईव्हने नाणं खिशात टाकलं. खासगी विक्रीत त्याच्या हाती पडलेली रक्कम ती तेवढीच.