दहा मिनिटांचं भाषण

शेषेरावांच्या एकसष्टीचं शूटिंग एडिट करून सत्यशीलानं पेन ड्राइव्हवर टाकलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्यांचं दहा मिनिटांचं भाषण बारा मिनिटांचं झालंय.

चूक कुठं झाली हे तिला लगेच उमगलं. तिचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेम घ्यायचा. ऐन भाषणाच्या तोंडावर त्याची बॅटरी संपली, म्हणून शेषेरावांच्या मुलानं, अंगदनं, मोबाइलवर घेतलेलं भाषण तिनं जोडलं. मोबाइलच्या फ्रेम सेकंदाला तीस. जास्तीच्या गाळायच्या सोडून तिनं घाईत सगळ्याच्या सगळ्या पंचवीसच्या चालीनं लावल्या होत्या. शेषेराव संथ झाले, आवाजही जाडाभरडा झाला.

दुरुस्ती दोन मिनिटांची, पण फाइल पुन्हा तयार व्हायला तीन तास. आणि शेषेरावांच्या बायकोचा, साखराबाईंचा, तिसरा फोन वाजत होता.

"कुठं हायस गं? सगळे टीव्हीसमोर बसून राहिलेत. वैजनाथ भावजी बी आलेत."

"काकू, उद्या आणलं तर?"

"उद्या कुणाला दाखवू? उदगीरचे पाहुणे आज चाललेत."

ती निघाली. शेषेरावांचं भरभर बोलणं नायगावात सगळ्यांच्या सवयीचं होतं. शेवटचं 'धन्यवाद' तेवढं कळायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. पण माणूस मानाचा. त्यांचं हसं झालं तर आपल्याला या गावात एकाही लग्नाचं शूटिंग मिळायचं नाही, ही तिला धास्ती.

टीव्हीवर औक्षण झालं, सत्कार झाला. सत्यशीला लाइट जायची वाट बघत होती. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाइट आज जागची हलेना.

भाषण सुरू झालं. कोणीतरी खुदकन हसलं. साखराबाई मात्र पुढं सरकून बसल्या.

"अगं, सगळं कळून राहिलंय की."

"आवाज बिघडलाय," शेषेराव चुळबुळत म्हणाले. "बंद कर पोरी."

"राहू दे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळून राहिलंय."

पडद्यावरचे शेषेराव सावकाश म्हणाले, "आज मनातलं ओझं उतरवतो. विहिरीकडचा बांध बारा वर्षांखाली मीच कोरला, चांगला दोन हात. वैजनाथ खरं बोलत होता. धन्यवाद."

मग टाळ्या. अंगदनं मोबाइल लोकांकडं फिरवला होता. पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात वाजवत होता तो वैजनाथ, त्यांचा धाकटा भाऊ. याच बांधावरून बारा वर्षं दोघांत लग्नकार्यापुरतंच बोलणं उरलं होतं.

सत्यशीलानं रिमोटचं बटण दाबून टीव्ही थांबवला.

"दादा," वैजनाथ हळूच म्हणाला, "ह्याला मी टाळ्या वाजवल्या व्हय?"

"मी तर सांगितलं होतं," शेषेराव खाली बघत म्हणाले. "सगळ्या गावासमोर."

सत्यशीला पुढं झाली. "काका, चूक माझी हाय. तीन तासांत पहिल्यासारखं भरभर करून देते."

"काही नको," वैजनाथ म्हणाला. "हाय तसंच ठेव. मला बी एक कॉपी दे."

सगळे शेषेरावांकडं बघू लागले. सवयीनं त्यांच्या तोंडाशी शब्दांची गर्दी झाली. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"उद्या सकाळी... बांध... होता तिथं घालू."

"हाव," वैजनाथ म्हणाला. "पण अंगदला मोबाइल घेऊन ये म्हणावं."