पाच ताऱ्यांचे आशीर्वाद

घरात एक नियम होता: मोठी माणसं मदतीला निघाली की ‘नको’ म्हणायचं नाही. का, हे विचारायचंही नाही.

धाकटीने नोकरी सोडून, वर्षभर खपून, गोळी घ्यायची आठवण करून देणारं ॲप बनवलं. ते स्टोअरवर चढवताना तिला लग्नाआधीच सासर भेटलं. आयकॉन फिकट म्हणून ॲप परत आलं. गडद केला, तर भडक म्हणून परत. वैतागून तिने पहिलाच पुन्हा पाठवला, तर पास! आनंदाच्या भरात तिने ही बातमी जेवताना सांगितली. (तिथेच चुकलं.)

काका म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. रविवारी त्यांनी झाडून सगळे नातेवाईक बैठकीत बसवले, घरचं वायफाय दिलं आणि अभिप्रायाचा मजकूर सांगितला: ‘सदर ॲप अत्युत्तम आहे. मुलगी आमचीच आहे.’ सगळ्यांचे शब्द तेच, तारे पाच.

संध्याकाळी ॲप गायब! स्टोअरची ईमेल आली: ‘नियमभंग आढळला. अपील फेटाळल्यास खातं कायमचं बंद.’

“कुठला नियम?” बाबांनी विचारलं.

“ते सांगत नाहीत.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “नियम सांगायचा नसतो, पाळायचा असतो.”

तिने दातओठ खात अपील लिहिलं: हे कारस्थान नव्हे, वडीलधाऱ्यांचं प्रेम अनावर झालं. मग ती दर तासाला ईमेल उघडून पाहू लागली. आणि एका सकाळी ॲप परत आलं! तिचा जीव भांड्यात पडला. तिने आईला मिठीच मारली. काकांनाही मारणार होती, पण राग आठवला.

आशीर्वाद मात्र सगळे पुसले गेले होते. स्टोअरला एकच अभिप्राय खरा वाटला होता. एक तारा. ‘अक्षर मुंगीएवढं. सांगितलं तर ऐकत नाही.’

“आई!”

“काकांचा मजकूर मला पटला नाही. मी माझ्या मनाने लिहिलं.”

“असू दे,” काका म्हणाले. “रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावतो. या खेपेला प्रत्येकाला वेगळा मजकूर.”

“नको!”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको, काका. तारे नकोत, मजकूर नको आणि तुमची मदत तर मुळीच नको. का, हे विचारायचं नाही!”

आईने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. गोळीची वेळ! काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, हात लांब करून पाहिला आणि मुकाट्याने बाबांकडे दिला. बाबांनी आईकडे. फिरत फिरत फोन धाकटीच्या हातात आला.

तिनेही डोळे बारीक केले.