कढोरे कक्कांची धामण

साप निघाला की लोक पळतात आणि दत्तात्रेय खानवलकर धावून जातात, असं खुद्द खानवलकरांनीच अख्ख्या झाशीला सांगून ठेवलं होतं. रेल्वेत हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थांनी दोन महिन्यांपूर्वी सर्प-मदत केंद्राचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथला साप त्यांनी पाहिला होता तिसऱ्या रांगेतून. तोही काचेच्या पेटीत!

त्या रविवारी लेक नीरजा आणि पुण्याचे नवे जावई आशिष आले होते. पत्नी मृदुलाताईंसह मंडळी बसने बरुआसागरला गेली; निघताना खानवलकरांनी केंद्रालाही तसं कळवून ठेवलं होतं. तळ्याकाठून किल्ल्याकडे चालताना खानवलकर जावयांना समजावत होते, "साप आपल्याला जास्त घाबरतो. आपण शांत राहायचं. मी आहे ना!"

तेवढ्यात शेजारच्या आल्याच्या शेतातून एक म्हातारा ओरडला, "अरे कोऊ आओ! कीरा फँस गओ!"

"किड्यासाठी एवढा आरडाओरडा?" आशिषने विचारलं.

"इकडे सापालाच कीरा म्हणतात," नीरजा म्हणाली. "बाबा, चला!"

शेताला नायलॉनची जाळी होती आणि त्यात चांगला सहा फुटी साप अडकला होता. जाळी पोटात रुतलेली, तोंड उघडं, जीव मेटाकुटीला आलेला. खानवलकर दहा पावलांवरच थबकले.

"नाग! मागे व्हा सगळे!"

"बाबूजी, जा तो धामन आय," हाक मारणारे ते म्हातारे शेतकरी, कढोरे कक्का म्हणाले. "जहर नइयाँ. हमाए मूसे खात है. बचा लो!"

"विष नसो, उंदीर खात असो, नियम म्हणजे नियम. आधी केंद्राला फोन," म्हणत खानवलकरांनी फोन लावला. पलीकडचा माणूस उत्साहाने म्हणाला, "बरुआसागर? चिंता मत कीजिए! आज वहाँ हमारे बड़े अनुभवी आदमी हैं. खानवलकर जी! नंबर लिखिए."

खानवलकरांनी आपलाच नंबर मुकाट्याने लिहून घेतला. वर धन्यवादही म्हणाले!

"काय म्हणाले, बाबा?" आशिषने विचारलं.

"माणूस... पोचलाय म्हणे."

एव्हाना गर्दी जमली. एक बाई दुधाचा लोटा घेऊन आली. एक सायकलवाला काठी उगारून पुढे सरला, "मार दो, झंझट खतम!" कढोरे कक्का त्याच्या आडवे उभे राहिले, पण काठी जवान होती आणि कक्का सत्तरीचे.

मृदुलाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. पर्समधून छोटी कात्री काढली, नॅपकीन बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि धामणीच्या डोक्यावर अलगद टाकला. धामण जरा शांत झाली.

"अगं, तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच! दोन महिने रोज जेवताना दुसरं काय सांगताय? शेपूट धरा आता."

जावई बघत होते. खानवलकरांनी डोळे मिटले आणि शेपूट धरली. मृदुलाताई गुंतलेली लोकर सोडवावी तशा बसल्या. एकेक धागा उचलायचा, कात्रीचं टोक अंगापासून दूर ठेवायचं, कापायचं. पंधरा मिनिटं हेच चाललं. सायकलवाल्यानेसुद्धा काठी खाली टेकवली! मध्येच धामण बिथरली, फुरफुरली आणि तिने शेपटीखालून एक फवारा थेट खानवलकरांच्या शर्टावर सोडला. घाबरलेला साप असं करतो, हे शिबिरात सांगितलं होतं. वास मात्र सांगितला नव्हता. सडलेली मासळी बरी!

"सोडू नका!" मृदुलाताई ओरडल्या.

"नाही सोडत!" नाक न धरता आल्याने डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यांनी खरंच सोडली नाही.

शेवटचा धागा तुटला. नॅपकीन काढला, तरी धामण क्षणभर तशीच पडून राहिली. मग ती सळसळत आल्याच्या पानांत दिसेनाशी झाली. कढोरे कक्कांनी मृदुलाताईंना वाकून हात जोडले. खानवलकरांनाही जोडले, जरा लांबून.

परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खानवलकर चढले मात्र, कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "बाबूजी, झोले में कुछ मर गया है क्या?" पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. लेक-जावई "आम्ही जरा पुढे बसतो" म्हणून पार ड्रायव्हरपाशी गेले.

"तूही जा," खानवलकर पडेल आवाजात म्हणाले.

मृदुलाताईंनी नाकाला पदर लावला, खिडकी सताड उघडली आणि समोरच्या रिकाम्या सीटवर खुशाल पाय पसरले.

"कशाला? तीस वर्षांत या बसमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली आहे!"