मल्लप्पाअण्णांचा आरसा

मल्लप्पाअण्णा नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची जात ठरवायचे. जाती दोनच, त्याही रसायनांच्या, आल्डिहाइड नाहीतर किटोन! अण्णा गिरणीच्या रंगखात्यात केमिस्ट, शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहायचे. "आल्डिहाइडची एक बाजू मोकळी असती की," ते समजावत, "कुणीबी आलं की लगेच मिसळतंय. किटोनला दोन्ही अंगांनी माणसं चिकटल्याली. लई घुमं!" माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी तोंडावर किटोन म्हटलं. त्या बापड्याला ती पदवी वाटली, तो चक्क लाजला.

त्यांच्या बायकोला, गौराक्कांना, लग्नानंतर देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर वण राहिले आणि घरातला आरसा त्यांनी देऊन टाकला. कुंकूसुद्धा अंदाजानं लावायच्या, हळदीकुंकवाला कुठं जायच्या नाहीत. अण्णांनी बाजारातून दुसरा आरसा आणला, तोही त्यांनी वाटेला लावला. अण्णा हट्टालाच पेटले. "आता मी सोता करतो. नवऱ्याच्या हातचा कसा दील ती कुणाला?"

मग दर रविवारी दारापुढच्या ओट्यावर प्रयोग. गौराक्का काच धुऊन आणून देत. अण्णा त्या काचेवर अमोनियातलं चांदीचं पाणी ओतत, वर फॉर्मालिनचे थेंब. "आल्डिहाइड हाय ह्ये! चांदी सुटती आन् काचंवर बसती!" चांदी बसायची कुठली? नुसती काळी घाण! "बाटलीत कुणीतरी किटोन भरलंय," अण्णा गरजायचे, "किटोन आरसा देत न्हाय!" सगळी गल्ली पोट धरून हसायची. त्यात मीही होतो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा.

एका रविवारी मात्र काच आधी धुरकटली, मग लख्ख झाली. काय सांगू, अख्खा ओटा तिच्यात दिसायला लागला! अण्णांनी टोपी उडवली. "आला की ओ आरसा!" आम्ही टाळ्या पिटल्या, कुणी गुलाल आणला, अण्णांना खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचवलं.

गर्दी पांगल्यावर सामान उचलून द्यायला मी आत जायला निघालो आणि दारातच थांबलो. अण्णांच्या शेजारी उभ्या राहून गौराक्का आरशात बघत होत्या. किती तरी वेळ बघत होत्या.

"म्हातारी झाले की ओ मी."

"मी कुटं जवान हाय?"

मग त्या म्हणाल्या, "काचंला दर बारीला मीच तेलाचा हात लावत हुते. आज राखंनं घासली."

"ठावं हाय."

"ठावं हुतं? मग लोक हसत हुते तवा पुसली का न्हाय?"

"मी पुसून काय उपेग, गौरे?" अण्णा म्हणाले. "तुला बघू वाटाय पायजे हुतं."