बॅग लपवायची रीत

पाहुण्याला थांबवून घेण्यात आमच्या नागभीडचा हात कोणी धरू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तुमच्याकडे दारात उभं राहून 'राहा ना अजून' म्हणतात आणि पाहुणा चपला कधी घालतो याची वाट पाहतात. आम्ही असं तोंडी काही ठेवत नाही. आम्ही सरळ पाहुण्याची बॅग लपवतो! धानाच्या कोठीत, तणसाच्या ढिगात, कोंबड्यांच्या डालीखाली, जिथे सुचेल तिथे. मग दारात गाडी येते, पाहुणा बॅग शोधतो, आम्ही म्हणतो, "आम्ही नाई पाह्यली बाप्पा." पाहुणा चिडतो, गाडी निघून जाते आणि संध्याकाळी पुन्हा कोंबडा शिजतो. याला म्हणतात पाहुणचार!

या रीतीचे नियमही आहेत बरं का. गाडी दारात आल्याशिवाय पाहुण्याने बॅग शोधायची नाही. आणि घरच्यांनी कबूल म्हणून व्हायचं नाही. जितकं जोरात 'नाई' म्हणाल, तितकं प्रेम जास्त.

आणि ज्या घरी बॅग लपवलीच नाही, तिथे आपण नकोसे झालो असं समजायचं. धानोऱ्याला माझ्या बायकोच्या, ज्योत्स्नाच्या, मावसबहिणीने एकदा निघायच्या दिवशी आमची बॅग स्वतः उचलून एसटीत ठेवून दिली. बिचारीने मदत केली होती. ज्योत्स्नाने त्या दिवसापासून धानोऱ्याचं नाव टाकलंय. तिच्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं, तरी ही गेली नाही.

आता दिगंबर मोंडकर. हा कोकणातला गडी, पण उभी नोकरी माझ्यासोबत आलापल्लीच्या लाकूड डेपोत काढली. टेबलाला टेबल, क्वार्टरला क्वार्टर. आमची भाषा इतकी शिकला की साहेबालाही 'काऊन जी' म्हणायचा. सुट्टीत माझ्याकडे नागभीडला यायचा, आणि मी त्याची बॅग इतक्या वेळा लपवली की नंतर नंतर तो बॅग शोधायच्या आधी साहेबाला फोन करून रजा वाढवून घ्यायचा. रिटायर झाल्यावर तो मालवणजवळच्या आपल्या गावी गेला. घर अगदी समुद्राच्या काठावर. दरवर्षी फोन, या म्हणून. शेवटी या हिवाळ्यात धान घरात आलं आणि आम्ही निघालो. नवा तांदूळ घेतला, लाखोळीची डाळ घेतली, आणि नागपूर गाठून तिथून गाड्या बदलत बदलत कोकणात उतरलो.

काय ते दिवस, राजेहो! सकाळी नारळाच्या सावलीत चहा, दुपारी मासे, संध्याकाळी पुन्हा मासे. दिगंबर आम्हाला किल्ला दाखवायचा, देवळं दाखवायचा, काहीच दाखवायचं नसेल तेव्हा नुसता समुद्र दाखवायचा. ज्योत्स्नाने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. खूप वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अजी, याची पाळ कुठी हाय?"

मी तिला समजावून सांगितलं की समुद्राला पाळ नसते. पाण्यातलं मला कळतं. आमच्याकडे गावागावाला तलाव आहेत, माझं सगळं आयुष्य तलावाच्या पाळीवर फिरण्यात गेलंय. पोहता येत नाही ही गोष्ट वेगळी.

दिगंबरची बायको सुलभावहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. निघायच्या आदल्या दिवशी तिने आम्हाला सुके बांगडे बांधून दिले, आमसुलं दिली, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या दिल्या. ज्योत्स्नाने सगळं मोठ्या बॅगेत भरलं. आणि निघायच्या दिवशी सकाळीच ती बॅग आणून पडवीच्या मधोमध ठेवली, घरच्यांना लपवायला सोपी जावी म्हणून. मग आंघोळीला गेली. घरी पाच मिनिटांत बाहेर येणारी बाई, त्या दिवशी बंब रिकामा करूनच बाहेर आली. बॅग होती तिथेच होती.

तिने बॅग उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. सुलभावहिनी पदर सावरत तिला वळसा घालून गेली, एकदा नाही, कितीतरी वेळा. शेवटी दिगंबरला ती बॅग दिसली. मला वाटलं, आता तरी! दिगंबरने बॅग उचलली, खांद्यावर घेतली, अंगण ओलांडलं आणि बाहेरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेऊन ठेवली. वर म्हणतो कसा, "रिक्षावाल्याले थोडं लवकर बोलावलं हाय, गोपालभाऊ. तुमची गाडी नको चुकाले."

ज्योत्स्नाचा चेहरा पाहिला आणि मला धानोरा आठवलं.

"अजी," ती हळूच म्हणाली, "हे आपल्याले हाकलून राह्यले."

मी म्हटलं, त्यांच्यात तशी रीत नसेल. ती म्हणाली, नसायला काय झालं, भाऊजी इतकी वर्षं आपल्याकडे येऊन बॅग शोधत बसायचे, त्यांना का माहीत नाही?  खरंच, दिगंबरला तर सगळं माहीत होतं! डोळे पुसत ती म्हणाली, "आता या घरचं पाणी नाई पिणार मी. अन् तुम्हीही फोन नका करजा त्याईले."

आता सांगा, उभ्या नोकरीचा जोडीदार असा एका बॅगेपायी सोडू? मी ठरवलं. दिगंबर बॅग लपवत नाही ना? मग मीच लपवतो! ज्योत्स्नाला काय कळतंय कोणी लपवली ते.

ज्योत्स्ना आत केस विंचरत होती. मी गडग्यावरून बॅग उचलली आणि माडांमागून खाली काठावर उतरलो. समुद्र तर बघा किती लांब! मधल्या रिकाम्या जागेत आमच्या गावचा बैलबाजार भरला असता. तिथे एक मोठा खडक होता, त्याला छान कपार होती. बॅग आत सारली, वरून नारळाची झावळी टाकली आणि शीळ घालत परत आलो. नियमाप्रमाणे गाडी दारात येईपर्यंत कोणी शोधणार नव्हतंच. मी पुन्हा चहा मागितला.

दुपारी जेवणं झाली, ज्योत्स्ना उपास सांगून पानावर बसलीच नाही, आणि रिक्षा आली. ज्योत्स्ना दगडी तोंडाने बाहेर गेली. गडगा रिकामा! तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला माझं लग्न आठवलं. पळतच ती स्वयंपाकघरात गेली.

"वहिनी, बॅग कुठी लपवली आमची?"

सुलभावहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "बॅग? मी कित्याक लपवू तुमची बॅग?"

"आम्हाले नाई कळत होय!" म्हणत ज्योत्स्नाने तिला लाडाने कोपर मारलं. वहिनी घाबरली. तिने शपथ घेतली. ज्योत्स्ना आणखी खूश झाली. वहिनीने तुळशीवर हात ठेवला, ज्योत्स्ना टाळ्या वाजवायला लागली. मला म्हणाली, "पाहा जी, कसं नाटक करून राह्यली! तुमच्याहून चांगलं करते."

इकडे वहिनी रडकुंडीला आली. पाहुण्यांची बॅग तिच्या घरातून गेली, आणि पाहुणीण तिच्याकडे बोट दाखवून हसते! "माझ्या घरातसून आजपावत एक चमचो सुदीक गेलो नाय," असं ती सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, आणि खरंच सगळी वाडी गोळा झाली. खाटा उलट्या झाल्या, विहिरीत डोकावून झालं, रिक्षावाल्याला सीट उचलून दाखवावी लागली. दिगंबर पोलीसपाटलाला फोन लावायला निघाला. आणि ज्योत्स्ना पडवीत पाय पसरून बसली. एवढी माणसं आपल्यासाठी नाटक करताहेत, हे पाहून तिचा ऊर भरून आला होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे काका नारळ घेऊन पुढे झाले. म्हणाले, पोलीस कशाला, आपण गाऱ्हाणं घालू. चोर आपोआप सापडेल. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरू केलं, "ज्या कोणी ही बॅग उचल्ल्यान आसात, तेका आज सुखान जेवण जिरा नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो, काय करता!

"तेच्या पोटात कळ येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि खरं सांगतो, आली. बांगड्याची असेल, भीतीची असेल, पण कळ आली. मी पोट धरून उठलो आणि माडांमागून खाली धावलो. म्हटलं, गुपचूप बॅग आणावी आणि पडवीत कुठेतरी सरकवून द्यावी.

खाली जाऊन पाहतो तर खडक नाही!

अहो, जागाच नाही. जिथे बैलबाजार भरणार होता तिथे पाणी. समुद्र माडांच्या मुळापर्यंत येऊन माझ्या पायाला गुदगुल्या करत होता. एवढा मोठा खडक कोणी नेला? आमच्या तलावाचं पाणी दिवाळीला जिथे असतं तिथून उतरतं ते हळूहळू उन्हाळ्यापर्यंत. सकाळी तिकडे आणि दुपारी इकडे असं काही ते करत नाही.

माझ्यामागून दिगंबर आला होता. मला इतकं घाबरलेलं पाहून तोही घाबरला. मी त्याला सगळं सांगितलं, ज्योत्स्ना रुसली तिथपासून कपारीपर्यंत. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे गोपालभाऊ, भरती येते ना बाप्पा दुपारी!"

"मले काय माहीत? तू सांगतलं काऊन नाई?"

"तू समुद्रात बॅग ठेवशीन हे मले काय माहीत?"

मग मी त्याला विचारलं, तुला आमची रीत ठाऊक असताना तू बॅग का नाही लपवलीस. तेव्हा तो जे बोलला ते ऐकून मला पाणी अजून वर आलं तर बरं असं वाटलं. म्हणाला, "आलापल्लीले असताना प्रत्येक वेळेस गाडी चुकली माझी. तेव्हाच ठरवलं होतं, की मी माझ्या पाहुण्याले असा तरास नाई देणार."

तेवढ्यात लांब पाण्यावर काहीतरी काळं वरखाली होताना दिसलं. दिगंबरने होडी ढकलली, मी काठावरून दिशा दाखवली, कारण पोहता येत नाही हे मी सांगितलंच आहे. तोवर सगळी वाडी गाऱ्हाण्यासकट खाली आली होती. सगळ्यांच्या देखत दिगंबरने समुद्रातून बॅग ओढून काढली. ती उघडी पडली होती. सुके बांगडे पुन्हा समुद्रात गेले होते. आगळाच्या बाटल्या आतच फुटल्या होत्या, आणि बॅगेतून लालभडक पाणी गळत होतं. काकांनी पुन्हा हात जोडले.

सुलभावहिनी डोळे पुसत पुढे आली आणि तिने एकच विचारलं, "कोणी ठेवल्यान ही हयसर?"

 मी दिगंबरकडे पाहिलं. दिगंबरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या ज्योत्स्नाकडे पाहिलं. काय सांगू, असा जोडीदार मिळायला नशीब लागतं.

"मीच लपवली," तो म्हणाला. "जाऊ नये म्हणून यायनं."

पुढे वहिनी त्याला मालवणीत जे बोलली ते मला सगळं कळलं नाही, पण वाडीतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. आणि ज्योत्स्ना? ज्योत्स्ना रडत होती. आनंदाने! दिगंबरच्या पायाला हात लावून म्हणाली, "भाऊजी, आम्ही लपवतो तर कोठीत लपवतो. तुम्ही तर समुद्रात लपवली!"

रिक्षा परत गेली. पुढचं रिझर्वेशन मिळेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो, मी दिगंबरच्या लुंगीत आणि ज्योत्स्ना वहिनीच्या साडीत. त्या दिवसांत वहिनीच्या रागापायी दिगंबरला जेवणात माशाचं डोकंच मिळायचं. निघायच्या दिवशी सुलभावहिनी सकाळपासून आमच्या बॅगेवर मांडी घालून बसली, ती रिक्षा आल्यावरच उठली, आणि उठल्यावरही हातातला पट्टा सोडला नाही. ज्योत्स्ना माझ्या कानाशी लागली, "पाहा जी, बॅग सोडूनच नाई राह्यली माउली. किती जीव!"

आता नागभीडला ही गोष्ट सगळ्यांना पाठ झाली आहे. इथवर ठीक होतं. पण दिगंबर आणि वहिनी येत्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेला, आमच्याकडे येताहेत. ज्योत्स्ना म्हणते, आता कोठी-डाल चालणार नाही, त्यांची बरोबरी करायला पाहिजे. काल ती मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेली आणि बांबू घालून पाणी मोजून पाहिलं.

मी घाबरून दिगंबरला फोन केला. तो म्हणाला, "काही काळजी नको करू गोपालभाऊ, आम्ही बॅगच नाई आणत. अंगावरच्या कपड्यावर येतो." मी सुटलो असं वाटून ज्योत्स्नाला सांगायला गेलो. तिचा चेहरा पुन्हा धानोऱ्यासारखा झाला. "बॅग नाई आणत? म्हणजे मुक्काम नाई करत आपल्या घरी?"

म्हणून मी एक नवीन बॅग घेतली आहे. आत कोकमाने लाल झालेले माझे सगळे शर्ट भरलेत. ही बॅग मी स्टेशनवरच दिगंबरच्या हातात देणार, तो ती घेऊन घरात येणार, आणि ज्योत्स्ना ती तलावात लपवणार. इथपर्यंत सगळं ठरलं आहे. नंतर ती बाहेर कोणी काढायची, तेवढं फक्त ज्योत्स्नाने माझ्यावर सोडलंय. पोहायला शिकवणारं कोणी ओळखीचं असेल तर सांगा.