बाहुली मंडळ आणि तो रकाना

कोणाला काही कळायचं नाही, याबद्दल कारागिरांची पक्की खात्री होती. नुसती एक खूण तर करायची होती. रकाना थोडा चुकीचा होता, पण हॉल खराखुरा मिळणार होता, आणि वाचनालयाच्या पेटीत एकदा पडलेला अर्ज पुन्हा काढून कोण बघतं? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खूण केली, खाली आपली वळणदार सही ठोकली आणि अर्ज पेटीत सोडून दिला. घरी जाताना ते चक्क शीळ घालत गेले. पुढचे चाळीस दिवस त्यांना शीळ सुचली नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

कारागीर हे त्यांना मंडळात मिळालेलं नाव. एरवी ते दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. वय त्रेपन्न. हिरड्यांचा गुलाबी रंग असा जमवायचे, की कवळी कोणाच्या तोंडात नसतानाही खुशीत आहे असं वाटावं. रविवारी आपण बुद्धिबळ खेळायला जातो, असं त्यांनी लॅबमध्ये ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे घोडा कसा चालतो तेही त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी ते बाहुली मंडळात जायचे.

मंडळात माणसं सात आणि बाहुल्या एकशे बारा. या बाहुल्या म्हणजे पोरीबाळींना द्यायच्या प्लास्टिकच्या बाहुल्या नव्हेत, हे आधी लक्षात घ्या, नाहीतर मंडळाचा कोणीतरी सभासद तुम्हाला घरी येऊन समजावेल. या दोन फूट उंच. खांदा, कोपर, मनगट, गुडघा, जिथे म्हणून तुम्हाला सांधा आहे तिथे तिच्याही अंगात एक गोल गोळा. आतून डोक्यापासून पावलापर्यंत ताणलेलं इलॅस्टिक. त्या ताणामुळे ती आपली आपण उभी राहते, हात उचलला तर उचललेलाच ठेवते. डोळे काचेचे, केस बदलता येणारे, आणि चेहरा एखाद्या कलाकारानं दिवसचे दिवस खपून रंगवलेला.

पण डोळे मोठे. तिथेच सगळा घोटाळा. बघणारा प्रत्येक जण मान तिरकी करून म्हणणार, “अरे वा, ॲनिमे का? ती जपानी कार्टूनं?”

हे ऐकलं की मंडळाच्या अध्यक्ष बाईंचा रक्तदाब वाढायचा. बाई म्हणजे सदतीस वर्षं शाळेत घालवलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका. “शिल्प घडवणाऱ्यानं वर्षभर घाम गाळायचा, आणि यांनी म्हणायचं कार्टून,” असं म्हणून म्हणून त्या थकल्या आणि शेवटी त्यांनी अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिकाच लिहून काढली. नाव: ‘आमच्या बाहुल्या आणि एक गैरसमज’. मंडळात ॲनिमे हा शब्द उच्चारायची बंदी होती. वेळ आलीच तर ‘तो शब्द’ म्हणायचं. बाईंचे दोन्ही गुडघे बदललेले होते, आणि त्या लाडात असल्या की बाहुलीच्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणायच्या, “हिचे आणि माझे एकाच जातीचे.”

कारागिरांना हे सगळं जीव की प्राण होतं. जगात एवढी एकच खोली होती, जिथे त्रेपन्न वर्षांच्या माणसानं बाहुलीच्या ओठांना रंगाचा तिसरा हात दिला तर कोणी फिदीफिदी हसत नव्हतं. उलट बाकीचे सहाही जण खुर्च्या पुढे ओढून बघायचे. ही खोली आपल्याला बंद झाली तर आपण रविवारी कुठे जाणार, हा विचार आला की ते घाईघाईनं ब्रश हातात घ्यायचे.

तर, नऊ वर्षं मंडळाला आपलं प्रदर्शन भरवायचं होतं. वाचनालयाच्या हॉलसाठी दरवर्षी सातही सभासद मंडळाच्या नावानं एकेक अर्ज टाकायचे, एखादा तरी लागेल म्हणून. लागत एकही नव्हता. हस्तकलेच्या रकान्यात दोन वर्षांची प्रतीक्षायादी होती, आणि ती दोन वर्षं कधी संपतच नव्हती. यंदा अर्ज भरताना कारागिरांना दिसलं, की एक रकाना सताड मोकळा आहे. त्या रकान्यात अख्ख्या वर्षात एकही अर्ज आलेला नव्हता. रकान्याचं नाव होतं, ॲनिमे आणि कॉमिक्स.

महिन्याभरात वाचनालयाचं पत्र आलं: हॉल मंजूर. कोणाचा अर्ज लागला हे पत्रात नव्हतं, रकान्याचंही नाव नव्हतं. बाईंनी पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

“कोणाचा का लागेना,” त्या म्हणाल्या. “मी जाण्याआधी लागला.”

सगळे टाळ्या वाजवत होते. कारागिरांनीही वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती परिचारिका होती, तिला असल्या चेहऱ्यांची सवय होती.

“बाईंना सांगून टाका,” ती म्हणाली.

“काढून टाकतील मला.”

“मग सांगू नका.”

“आणि कळलं तर?”

“तर काढून टाकतील. आता जेवता का?”

ते नीट जेवले नाहीत. पुढचे दहा दिवसही जेवले नाहीत. लॅबमध्ये त्यांनी एका आजोबांच्या कवळीत पुढचे दोन दात उलटे बसवले.

प्रदर्शनाच्या दिवशी ते सकाळी नऊलाच हॉलवर हजर झाले. बाई दहाला येणार होत्या. दारातल्या फलकावर वाचनालयानं हौसेनं पोस्टर लावलं होतं. माणसाच्या छातीएवढी अक्षरं: ‘ॲनिमे महोत्सव’. खाली बारीक अक्षरांत, ‘बाहुल्यांसह’.

कारागीर ते काढायला धावले. पोस्टर काचेच्या आत होतं आणि काचेला कुलूप. बाहुल्यांच्या पेट्यांमधला पातळ कागद चिकटवून पाहिला, तर त्यातून अक्षरं आणखीच ठसठशीत दिसायला लागली. शेवटी त्यांनी लॅबचा पांढरा कोट बॅगेतून काढला आणि फलकाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना त्याच्या बाह्या अडकवल्या. फलक एखाद्या डॉक्टरासारखा दिसू लागला. दिसू दे म्हटलं.

साडेनऊला पहिली तुकडी आली. निळे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, एकाच्या पाठीला पंख. त्यांच्या पुढे चंदेरी केसांचा टोप घातलेली एक तरुणी, कमरेवर हात ठेवून. ती एरवी लोकांना गाड्या चालवायला शिकवायची आणि आवाज त्याच कामाचा होता.

“महोत्सव इथेच ना? आमचा अख्खा ॲनिमे संघ आलाय. साठ जण.”

“साठ?” कारागिरांचा आवाज चिरकला. “हे बघा, या, आनंदानं या. फक्त एक करा. आमच्या बाई येतील, वयस्कर आहेत. त्यांच्यासमोर ॲनिमे हा शब्द काढू नका.”

“का?”

“त्रास होतो त्यांना.”

“कसला त्रास?”

आता काय सांगावं? “डॉक्टरांनी सांगितलंय,” ते म्हणाले, आणि नकळत फलकावरच्या कोटाकडे बोट दाखवलं.

तिनं कोटाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं मागे वळून दबक्या आवाजात हुकूम सोडला आणि साठ जणांनी गंभीरपणे माना हलवल्या.

बाई दहाच्या ठोक्याला आल्या. नव्या चपला, हातात पुस्तिकांचा गठ्ठा. दारातच थबकल्या.

“ही कोण मंडळी?”

“वाचनालयाचे स्वयंसेवक. बालनाट्यातले.”

“अस्सं. नाटक कोणतं?”

“तलवारी आहेत त्यात,” कारागीर म्हणाले. त्यांच्या मानेवरून घामाची धार शर्टात उतरली.

बाई आत गेल्या. बाकीच्या सभासदांनी मांडलेल्या एकशे बारा बाहुल्या पांढऱ्या कापडावर ओळीनं उभ्या होत्या. बाई ओळीच्या टोकापर्यंत एकेकीला बघत सावकाश चालत गेल्या. मग त्यांचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेलं. साठ चित्रविचित्र माणसं रांगेनं, शिस्तीत, बाहुल्या बघत होती आणि बाईंजवळून जाताना प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारत होता, “बरं आहे ना आता?” पंखवाल्यानं खुर्ची आणून दिली. कोणी पाणी आणलं. निळ्या केसांच्या मुलीनं बाईंच्या हातावर हात ठेवला आणि पुढे गेली.

“कारागीर,” बाई म्हणाल्या, “माझ्या चेहऱ्यावर काही आहे का?”

“छे, छे. संस्कारी मुलं आहेत.”

कारागीर दाराशीच ठाण मांडून होते. कोट हलला तर, वारा आला तर, या काळजीनं त्यांना फलक सोडवत नव्हता. हाताला काही उद्योग हवा म्हणून त्यांनी आपली लाडकी बाहुली मांडीवर घेतली होती आणि तिचा पाय दुमडून धरला होता. एवढ्यात चंदेरी केसवाली बाईंपाशी येऊन वाकली.

“आजी, तुम्ही दमू नका. तुमच्या त्या दुखण्याचं आम्हाला कळलंय.”

“कसलं दुखणं?”

“त्या शब्दाचं.”

बाईंची मान सावकाश कारागिरांकडे वळली. “कोणत्या शब्दाचं?”

कारागिरांच्या ओल्या बोटांतून बाहुलीचा पाय सुटला. आता, ताणलेल्या इलॅस्टिकचा पाय दुमडून धरला आणि अचानक सोडला तर तो काय करतो, हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत असतं. कारागिरांना तर सगळ्यात जास्त. पाय खाडकन सरळ झाला, बूट कोटाच्या खिशात अडकला, बाहुली मांडीवरून घसरली आणि जाताना कोट घेऊन गेली. त्यांनी बाहुली हवेत झेलली. कोट खाली पडला.

बाईंनी पोस्टर वाचलं. मोठी अक्षरं वाचली, मग बारीकही वाचली. हॉलमध्ये एवढी शांतता झाली, की पुठ्ठ्याची एक तलवार वाकल्याचा आवाज आला.

“हा,” बाई म्हणाल्या, “हा शब्द आमच्या दारावर कोणी लावला?”

आणि त्या सुरू झाल्या. पुस्तिका न उघडता त्यांनी पहिल्या पानापासून घेतलं. शिल्प म्हणजे काय, सांधा म्हणजे काय, डोळा मोठा असला म्हणजे माणूस कार्टून होत नाही. आपण घरी काय ठेवतो हे नातेवाइकांना सांगायची चोरी, आणि सांगितलं तर “या वयात?” हे ऐकायचं. हे म्हणताना त्यांनी जवळच्या बाहुलीचा झगा सारखा केला. सातव्या पानावर असताना चंदेरी केसवालीनं हात वर केला.

“आजी, एक मिनिट. आम्ही काय म्हणून आलोय इथे? वाचनालयाच्या संकेतस्थळावर ‘बाहुल्यांसह’ वाचून आमच्या संघात किती भांडणं झाली, माहितीये? अर्धे जण येणारच नव्हते.”

“का?”

“कारण आम्हाला लोक म्हणतात बाहुल्या. इतक्या मोठ्या गोष्टी, चित्रं काढणारी माणसं रात्रंदिवस खपतात, आणि घरी पाहुणा आला की कपाटातल्या आमच्या पात्रांच्या मूर्तींकडे बघून विचारतो, अजून बाहुल्या खेळतेस? मी पन्नास माणसांना रस्त्यावर ट्रक चालवायला शिकवलंय.” तिनं पिशवीतून एक जाड फाइल काढली. “मी लिहिलंय यावर. ‘ॲनिमे म्हणजे बाहुल्या नव्हेत’.”

“किती पानं?” बाईंनी विचारलं.

“बावन्न.”

बाई खुर्चीत बसल्या. दोघींनी पुस्तकांची अदलाबदल केली आणि तिथेच वाचायला घेतलं. अधूनमधून एकीच्या तोंडून “अगदी, अगदी” निघे, मग दुसरीच्या. कारागिरांना वाटलं, सुटलो. पण त्यांनी श्वास सोडायच्या आत दोघींनी एकदम माना वर केल्या.

“म्हणजे,” चंदेरी केसवाली म्हणाली, “दोन्हीकडचा अपमान एकाच माणसानं केलाय.”

“अर्ज आणा,” बाई वाचनालयाच्या ग्रंथपालांना म्हणाल्या. “मूळ अर्ज.”

अर्ज यायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात कारागिरांनी मनातल्या मनात मंडळाचा निरोप घेतला. रंगाच्या छोट्या ब्रशांचं काय करायचं, हेही ठरवून झालं. रविवारी खरंच बुद्धिबळ शिकावं लागणार होतं. बाहुली त्यांनी छातीशी धरली होती आणि ती त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती.

बाईंनी चष्मा लावला. अर्ज वरून खालपर्यंत वाचला. खालच्या सहीपाशी त्यांची नजर जरा थांबली. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“सही वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या. “भलतीच गिचमिड आहे. चौकशी करावी लागेल.”

“संयुक्त समिती नेमू,” चंदेरी केसवाली म्हणाली. “तुमचे तीन, आमचे तीन. आणि एक सचिव.”

“सचिव म्हणून,” बाई म्हणाल्या, “आमचे कारागीर.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंखवाल्यानं कारागिरांची पाठ थोपटली. त्यानंतर हॉल बंद होईपर्यंत लोक येत राहिले. कोणी ‘तो शब्द’ म्हणालं, की साठ जण एका सुरात त्याची चूक दुरुस्त करायचे, आणि दुसरं कोणी साठांना बाहुल्या म्हणालं, की बाई उठायच्या.

संध्याकाळी बाहुल्या कागदात गुंडाळताना कारागीर बाईंपाशी आले. त्यांना आता राहवेना.

“बाई, त्या सहीबद्दल मला...”

“सदतीस वर्षं वह्या तपासल्यात मी,” बाई बाहुलीचा हात नीट दुमडत म्हणाल्या. “तुमचा उकार मला रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो.”

कारागिरांनी हातातली बाहुली खाली ठेवली.

“मग मला काढणार?”

“तुम्हाला काढलं तर ओठ कोण रंगवणार? माझे हात थरथरतात आता.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “हस्तकलेची प्रतीक्षायादी किती वर्षांची आहे हो?”

“दोन.”

“मग चौकशी तीन वर्षं चालू द्या. घाई करू नका. तोवर अर्ज भरत राहा, त्याच रकान्यात, आणि सही गिचमिडच ठेवा.”

त्या आठवड्यात सचिवांनी समितीला पहिला अहवाल सादर केला. तो सुवाच्य अक्षरात होता आणि चार ओळींचा होता. शेवटची ओळ अशी: ‘संशयित अद्याप सापडलेला नाही. तो अत्यंत धूर्त असावा, असे सचिवांचे मत आहे.’