हिंमतरावांच्या फोटोतली चूक

खोटं कौतुक करायचं नाही म्हणजे नाही! कंपनीतलं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपवून येतानाच चेतनने ठरवलं. चूक दाखवायचीच, पण पोळीत भाजी गुंडाळून द्यावी तशी. आधी कौतुक, मध्ये चूक, वरून पुन्हा कौतुक. समोरचा खातोही आणि ठसकाही लागत नाही!

पहिला घास घरमालकांच्या वाट्याला आला. चेतन आणि निकिता धायरीत हिंमतरावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. शेतावर बिल्डरच्या इमारती उभ्या राहिल्या, हिंमतरावांचा नांगर सुटला आणि हातात डिजिटल कॅमेरा आला. लेन्स एवढी मोठी, की लांबून तोफच वाटावी!

"चेतनराव, तुमी शिकलेली माणसं. खरं काय ते सांगा," म्हणत त्यांनी एक मोठा फोटो पुढे केला.

फोटोत त्यांची बायको मैनाकाकू हिरव्या साडीत, फौजदारासमोर उभं केल्यासारख्या उभ्या होत्या. डोक्यातून पपईचं झाड उगवलं होतं, सहा पपयांसकट!

निकिताने कोपर मारलं. पण चेतन आता थांबतो होय?

"साडीचा रंग सुरेख आलाय, काका. फक्त मागची पपई काकूंच्या डोक्यातून आल्यासारखी दिसते. ती नसती तर बरं झालं असतं. पण उजेड अगदी छान!"

"ह्याला म्हणत्यात बोलणं!" हिंमतराव खूश. चेतन त्याहून खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पपई आडवी! शेजारी कमरेवर हात ठेवून मैनाकाकू.

"काय ओ, माझ्या झाडानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"काकू, मी तोडा नाही म्हणालो..."

"मग ती नसती तर बरं, असं कोण म्हणालं?"

संध्याकाळी हिंमतराव नवा फोटो घेऊन हजर. शहाण्या माणसाने इथे तोंडाला कुलूप लावलं असतं. पण निश्चय म्हणजे निश्चय!

"जागा छान मोकळी झाली, काका. आता गच्चीवरची काळी टाकी तेवढी डोळ्यांना खुपते. पण टाकीला हात लावू नका! तुम्ही स्वतः हला. दोन पावलं डावीकडे सरकलात, की ती भिंतीआड जाईल."

"मी कशाला हलू?" हिंमतरावांना खरंच कळेना. "जागा माझी हाय, टाकी माझी हाय!"

यावर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये उत्तर शिकवत नाहीत.

सकाळी निकिताच्या तोंडाला साबण आणि नळाला फक्त फुसफुस! खिडकीतून पाहिलं, तर टाकी अंगणात उतरवलेली, आणि हिंमतराव पाइप सोडून ती तिथेच भरत होते.

"चेतन! टाकीला काय बोललास तू?"

"कौतुकच केलं गं, दोन्ही बाजूंनी..."

"आता गप्प बस. पुढच्या फोटोत गॅलरीतले आपले टॉवेल आले, तर काका आपली खोलीच पाडतील!"

चेतन गप्प बसला नाही. उलट रविवारी आपणहून खाली उतरला.

"काका, आज एकही वस्तू हलणार नाही. हलायचं फक्त तुम्ही!"

"बरं. तुमच्या शब्दाखातर," म्हणत हिंमतरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मैनाकाकू पुन्हा फौजदारासमोर.

"एक पाऊल मागे. शाब्बास! अजून एक. फारच छान! आता शेवटचं..."

हिंमतरावांचा डोळा कॅमेऱ्यात, चेतनचा गॅलरीतल्या टॉवेलांवर. पाठीमागच्या, गोठ्याजवळच्या उकिरड्याकडे बघायला डोळा उरलाच नव्हता!

धप्प!

पुरातून लेकरू वर धरावं तसा दोन्ही हातांत कॅमेरा, आणि बाकीचे हिंमतराव शेणात! पडता पडता कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं होतं.

अंगणातल्या टाकीजवळ अर्धा तास अंघोळ चालली. आता "खोली रिकामी करा" ऐकायचं, म्हणून चेतन मान खाली घालून उभा. निकिता मनातल्या मनात भांडी भरायला लागली होती.

हिंमतराव आले ते कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच. फोटोत घर कलंडलेलं, अर्धं आभाळ, आणि मधोमध मैनाकाकू! मान मागे टाकून, पदर सुटलेला, सोळा वर्षांच्या पोरीसारख्या खळखळून हसताना.

"अशी हसतीस व्हय तू?" हिंमतरावांनी हळूच विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"सांगा चेतनराव, काय चुकलं?"

चेतनने फोटो तीनदा पाहिला. उजेड, रंग, मागची बाजू... "काही नाही, काका. खरंच काही नाही!"

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "तुमी पडताना ह्यात दिसत न्हाई. तेवढं असतं तर लई बरं झालं असतं!"

हिंमतराव गंभीर झाले. त्यांनी उकिरड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग कॅमेरा चेतनच्या गळ्यात अडकवला.

"बरोबर हाय तिचं. धरा, चेतनराव. कुठनं पडू?"